खालचा कप्पा

बसा, चंचल मॅडम. चार्ज द्यायला तसा अर्धा तास पुरतो. किल्ल्या सात, रजिस्टरं तीन, आणि नायट्रोजनचा कॅन दर सोमवारी भरून घ्यायचा. सेंट्रिफ्यूज जुनं आहे, झाकण दाबून धरलं नाही तर रुसून बसतं. एसीला नावं ठेवू नका, विद्यापीठात आपल्याच विभागाचा चालतो. आणि इन्क्युबेटरचा खालचा कप्पा रिकामा ठेवायचा. वरच्या दोन कप्प्यांत काय वाढवायचं ते वाढवा, खालचा नको.

का, म्हणता? बरोबर आहे, तुमच्या जागी मी असतो तरी विचारलं असतं. माझी कुरखेड्याची बस साडेचारची आहे, आत्ता दोन वाजलेत आणि बाहेर सेहेचाळीस डिग्री आहे. या उन्हात तुम्ही तरी कुठे जाणार? ऐका मग.

अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर होता. सिकलसेलचा आपला प्रकल्प नुकता सुरू झाला होता आणि हरिदास सरांनी मला रक्ताचे नमुने आणायला कुरखेड्याच्या पुढे, जंगलातल्या हेटीटोल्याला पाठवलं होतं. मी मूल गावचा. वडील राइस मिलमध्ये होते, म्हणजे धान, कोंडा आणि तांदूळ यांतच वाढलेला. खेड्यात जाऊन लोकांशी गोड बोलणं मला चांगलं जमतं, असं सरांना वाटायचं. खरंच जमायचं. तीच तर अडचण झाली.

त्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, कलाबाई नावाची म्हातारी होती. पंच्याहत्तरीची असेल. मी गेलो तेव्हा अंगणात धान पाखडत बसली होती. सुपाचा आवाज वाटेवरूनच ऐकू येत होता. दोनदा हळू, एकदा जोरात. फट फट... फटाक्. प्रत्येक बाईचा पाखडायचा ठेका वेगळा असतो, हे राइस मिलवाल्याच्या पोराला सांगावं लागत नाही.

तिच्या आधीच्या चाचणीचा रिपोर्ट आला होता. आई आणि बाप, दोघांकडूनही सिकलचं जनुक आलेलं. अशी माणसं तिशी-चाळिशीपर्यंत वेदनांनी पिळून निघतात, आणि ही बाई पंच्याहत्तरीत सूप धरून बसलेली, जन्मात एकदाही दवाखान्याची पायरी चढलेली नाही. तिच्या रक्तात असं काहीतरी होतं जे रोगाला दाबून ठेवत होतं. सर तर रिपोर्ट बघून खुर्चीतून उठलेच होते. ते काय आहे हे शोधणं हाच माझ्या प्रबंधाचा विषय ठरला.

फॉर्म भरताना मी विचारलं, "घरात माणसं किती, बाई?"

"अकरा."

मला दिसत होती चार. ती, तिचा मुलगा दसरू, त्याची बायको आणि सहा वर्षांची नात दिव्या. मी आत पाहिलं. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, अंधारात, मातीची सात लहान गाडगी मांडलेली होती, प्रत्येकावर झाकणी. त्या घरातलं माणूस गेलं की नदीवर जाऊन त्याचं नाव घेऊन हाक मारायची, हाताला जो मासा किंवा किडा लागेल त्याला पाण्यातून घरी आणायचं आणि त्या गाडग्यात त्याची जागा करायची. मेलेला माणूस असा घरी परत येतो, घरातच राहतो आणि घर सांभाळतो. म्हणून सात अधिक चार. मी फॉर्मवर चार लिहिले.

दिव्याला पण सिकल होता, आणि तिला मात्र तो छळायचा. मी होतो तेव्हाच तिचे गुडघे धरून आले. पोरगी अशी आक्रसली की बघवेना. कलाबाईने सूप खाली ठेवलं, तिला मांडीवर घेतलं आणि दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून नुसती बसून राहिली. दहा मिनिटांत पोरगी झोपली. मी घड्याळात पाहिलं होतं. नोंदही केली होती, पण नंतर ती खोडली, कारण अशा नोंदीला प्रबंधात जागा नसते.

"औषध देता काय, बाई?" मी विचारलं.

"नाई बाबू. हात ठेवतो फक्त. मी मेल्यावर बी मीच ठेवीन. त्या कोपऱ्यात राहीन नं, जवळच." मग तिने माझ्या हातातल्या सुईकडे पाहिलं. "तू जे नेऊन राह्यला, ते वापस आनून देजो. माणूस अर्धवट असलं तर घरी येत नाई. मी नाई आली तर या पोरीले कोन धरन?"

"हो हो. नक्की," मी म्हणालो. माझं लक्ष शिरेकडे होतं.

तिला लिहिता येत नव्हतं. मी तिचा अंगठा शाईत टेकवून संमतीपत्रावर उमटवला. नंतर तिने मला अंबाडीची भाजी आणि भात वाढला. मी पोटभर जेवलो. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात, ते मी त्या दिवशीच सुरू केलं होतं. मोजत होतो हे कळायला मात्र वर्ष गेलं.

तुम्हाला पेशी वाढवायचं शिकवायला नको. पण मूलला आईला समजावलं होतं तेच तुम्हाला सांगतो. रक्तातल्या एका जातीच्या पेशींना एक विषाणू लावला की त्या मरायचं विसरतात. सदतीस डिग्रीत ठेवा, गुलाबी पाणी बदलत राहा, त्या वाढतच राहतात. आई म्हणाली होती, "मरायचं विसरणं काही चांगलं नाई, प्रफुल." मी हसलो होतो.

कलाबाईच्या पेशींना आम्ही नाव दिलं के-सतरा. अशा जोमाने वाढणाऱ्या पेशी मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. तीन बाटल्या इन्क्युबेटरच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. त्या पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात, साध्या डोळ्यांनाही दिसतात, कणीच्या तांदळाएवढ्या. एक नळी गोठवून नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवली. काम जोरात चाललं होतं. पुढच्या दिवाळीनंतर कलाबाई गेली, हे मला कोणी कळवलं नाही आणि मीही कधी चौकशी केली नव्हती.

जानेवारीत दसरू इथे आला. बाहेर व्हरांड्यात जिना सुरू होतो ना, त्या भिंतीला टेकून बसला होता. मांडीवर कापडात गुंडाळलेलं एक कोरं गाडगं. अकरापासून बसला होता, मी दोन वाजता जेवायला निघालो तेव्हा उठला.

"जोहार, भाऊ. आई गेली."

मी सांत्वनाचं काहीतरी बोललो.

"गेली ते ठीक आहे," तो म्हणाला. "पन घरी नाई आली."

मग त्याने सांगितलं. नदीवरून आणलेल्या पाण्यात धानाचे दोन दाणे सोडतात, सालासकट. दाणे तरंगत तरंगत एकमेकांना भेटले की माणूस आपल्या माणसांत आलं असं समजायचं. मग ते पाणी गाडग्यात ओततात. कलाबाईसाठी गावच्या पुजाऱ्याने, लच्छू भूमकाने, तीनदा केलं.

"दाने जवळ येतेत, भाऊ. बोटभर जागा राह्यली का थांबतेत. लच्छू भूमक म्हणते, बुढीचं काहीतरी अजून बाहेर जितं आहे. मले तुमची आठवण आली."

आता एक सांगतो, मॅडम, म्हणजे माझी काय अवस्था झाली ते कळेल. पाण्यावर तरंगणाऱ्या दोन हलक्या वस्तू जवळ आल्या की आपोआप चिकटतात. दुधावर दोन कण पडले तरी चिकटतात. हे शाळेतलं विज्ञान आहे. दाणे भेटले यात नवल काहीच नाही. बोटभर अंतरावर येऊन थांबले, आणि तेही तीनदा, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडणार नव्हतं.

मी त्याला आत आणलं. इन्क्युबेटर उघडून बाटली दाखवली. तो बराच वेळ त्या गुलाबी पाण्याकडे बघत राहिला. गुठळ्या तळाशी शांत पडल्या होत्या. त्याने बाटलीला हात लावला नाही. कप्प्याच्या पत्र्यावर तेवढा तळवा टेकवला.

"गरम आहे," तो म्हणाला. "अंगाएवढं गरम आहे."

आणि मग, अगदी हळू, "आई..."

काय सांगू, बाटली माझ्या हातात होती. मी ती हलवली नव्हती. तळाच्या गुठळ्या वर आल्या, सगळ्या एकाच बाजूला. त्याच्या बाजूला.

मी सरांकडे गेलो. सर चांगले आहेत, वाईट माणूस नाही. म्हणाले, दे त्यांना, कोणाचं मन मोडू नये. आणि मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, प्रफुल, कॅनमधली एक असू दे. त्यांनी म्हटलं नसतं तरी मी तेच केलं असतं. तिसरं प्रकरण अर्धं झालं होतं. मी तिन्ही बाटल्या दसरूला दिल्या. त्याने विचारलं, "सगळं आहे ना, भाऊ?" मी म्हणालो, सगळं आहे.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. दाणे आणखी जवळ आले होते. "आता एका दाण्याची जागा राह्यली. काही राह्यलं काय तुमच्यापाशी?"

"नाही," मी म्हणालो. वेळ मारून नेली.

इथून पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. खालचा कप्पा रिकामा होता, मी स्वतः अल्कोहोलने पुसला होता. तरी दुपारी, सगळे जेवायला गेले की, इन्क्युबेटरच्या काचेवर आतून वाफ धरायची. पूर्ण काचेवर नाही. खालच्या कप्प्याच्या उंचीवर, तळहाताएवढी. दार उघडलं की धुराचा वास. चुलीच्या धुराचा, आणि त्यात वाळलेल्या मोहफुलांचा. तुम्ही या भागातल्या नाही, तुम्हाला मोह ठाऊक नसेल. एकदा वास घेतला की विसरत नाही.

त्याची सवय झाली असती. माणसाला कशाचीही सवय होते. पण मार्चमध्ये आवाज सुरू झाला. तो कोपऱ्यातला नायट्रोजनचा कॅन. आत उणे एकशे शहाण्णव डिग्री. झाकण उघडलं की सूं करतो, तो आवाज आपल्या ओळखीचा. हा तो नव्हता. झाकण बंद असायचं आणि आतून, लांबून आल्यासारखा, फट फट... फटाक्. दोनदा हळू, एकदा जोरात.

मी रेडिओ लावायला लागलो. मग दुपारचं इथे बसायचंच सोडलं. पण नळी काढली नाही. मला माझी लाज वाटते, मॅडम, आजही वाटते. भीती वाटायची, आणि तरी मनात हिशेब चालूच, की जूनपर्यंत प्रकरण पूर्ण होईल, मग देऊन टाकू.

एप्रिलच्या बारा तारखेला, अशाच दुपारी, दसरूचा फोन आला. दिव्याला चार दिवसांपासून दुखत होतं. कुरखेड्याच्या दवाखान्यात सुया दिल्या, तेवढ्यापुरतं थांबलं. डॉक्टरांनी गडचिरोलीला हलवा म्हणून सांगितलं होतं, गाडीला फोन केला होता, गाडी दुसरीकडे गेलेली. "आता रडत बी नाई, भाऊ," तो म्हणाला. "डोये पांढरे करून राह्यली. तुम्ही मोठ्या दवाखान्यात कोनाले सांगून ठेवता काय?"

मी हो म्हणत होतो. तेवढ्यात मागून पोरीचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

"बाबा... आजी थंडीत हाये. तिले लय थंडी वाजून राह्यली."

दसरू म्हणाला, "चार दिवसांपासून हेच म्हणून राह्यली. इथी तर अंगाची आग होते."

मी दसरूला कॅनबद्दल कधी एक शब्द बोललो नव्हतो. त्याने कॅन पाहिलाही नव्हता. त्या दिवशी मी त्याला फक्त इन्क्युबेटर दाखवला होता, तो गरम होता.

फोन ठेवला आणि मी थेट कॅनकडे गेलो. चष्मा लावला नाही. हातमोजा एकच, तोही डाव्या हातात. के-सतराची नळी बाहेर काढली आणि कोमट पाण्यात धरली. तुम्हाला माहीत आहे असं करू नये, कधी कधी नळीत नायट्रोजन शिरलेला असतो आणि गरम होताच तो फुगतो. मलाही माहीत होतं. नळी माझ्या बोटांत फुटली.

मोठा आवाज नाही झाला. हा बघा, उजवा अंगठा, ही खूण. खोल गेलं होतं. रक्त आलं ते त्या गुलाबी पाण्यात मिसळलं, आणि काही थेंब उलट आत गेले असणार. त्या वेळी मी विचार केला नाही. फुटलेल्या तळाशी जे थोडं उरलं होतं ते नवीन नळीत घेतलं, अंगठ्याला रुमाल बांधला, नळी शर्टाच्या खिशात अंगाशी ठेवली आणि मोटरसायकल काढली. वाटेत गडचिरोलीच्या दवाखान्यात फोन करून खाट सांगून ठेवली. मी काही दवाखान्याच्या विरुद्ध नाही, तुम्ही तसं समजू नका.

पाच वाजता टोल्यावर पोचलो. ऊन अजून तापलेलं. लच्छू भूमक अंगणात वाटच बघत असल्यासारखा उभा होता. मी नळी पुढे केली. कोणी काही विचारलं नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं. नदीवर गेलो. पात्रात जेमतेम डबकं होतं. लच्छूने कलाबाईचं नाव घेऊन हाक मारली, दसरूच्या ओंजळीत बोटाएवढी मासोळी आली. घरी आल्यावर परातीत पाणी, पाण्यात मासोळी, त्यात माझ्या नळीतले थेंब. वर धानाचे दोन दाणे.

आतल्या खोलीतून दिव्या कण्हत होती. दाणे सरकले. हळूहळू जवळ आले. एका दाण्याच्या अंतरावर आले आणि थांबले.

सगळे पाण्याकडे बघत होते. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

"अजून कुठी आहे?" लच्छूने विचारलं.

तेव्हा मी खरं सांगितलं. कॅन सांगितला, फोनवर नाही म्हणालो ते सांगितलं, नळी फुटली ते सांगितलं. दसरूने मान खाली घातली. लच्छूची नजर माझ्या रुमालावर गेली.

"बोट दाखव."

मी रुमाल सोडला. त्याने जखम पाहिली, पण हात लावला नाही.

"बुडव," तो म्हणाला.

मी अंगठा पाण्यात घातला. आणि ते दोन दाणे... एकमेकांकडे नाही गेले, मॅडम. दोन्ही वळले आणि माझ्याकडे आले. तरंगत, सरळ, जसं कोणी बोलावलं म्हणून यावं तसे आले आणि माझ्या अंगठ्याखाली एकमेकांना भेटले. मासोळीही तिथेच येऊन थांबली. मी अंगठा काढला तरी दाणे सुटले नाहीत.

आतलं कण्हणं बंद झालं.

दसरू रडत होता. "आई आली," तो म्हणाला.

"आली," लच्छू म्हणाला. त्याचा चेहरा काही आनंदी नव्हता. "पन... एकटी नाई आली."

गाडी सात वाजता आली. तिच्यात बसवायच्या आधी दिव्याने मला आत बोलावलं. म्हणाली, हात ठेवा. मी तिच्या गुडघ्यांवर हात ठेवले. पोरगी दहा मिनिटांत झोपली. मी घड्याळात पाहिलं नाही. गडचिरोलीला डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, ही चार दिवस दुखणाऱ्या पोरीची तपासणी वाटत नाही.

त्या गोष्टीला वर्ष झालं. दुसऱ्याच्या पेशी शरीरात टिकत नाहीत, शरीर त्यांना दोन-चार दिवसांत मारून टाकतं, हे मी बीएस्सीच्या पोरांना शिकवतो. म्हणून निर्धास्त होतो. महिन्याभराने दसरूचा फोन आला, पोरीला परत दुखतंय, तुम्ही येता काय? मी गेलो, हात ठेवले, थांबलं. मग पंधरा दिवसांनी. मग आठ. आता दोन दिवस मी गेलो नाही तर तिसऱ्या दिवशी तिचे गुडघे सुजतात.

मी माझं रक्त तपासायला लागलो. माझ्यात सिकलचं जनुक नाही, कॉलेजात असतानाच तपासलं होतं, आईचंही तपासलं होतं. ते असलं की तपासणीच्या जेलवर वरच्या बाजूला एक जादा पट्टी येते. पहिल्या महिन्यात ती पट्टी आली, पुसट, डाग पडावा तशी. मला वाटलं हात चुकला. दुसऱ्या महिन्यात पुन्हा. दर महिन्याचे फोटो त्या निळ्या फाइलमध्ये आहेत, तारखांसह. शेवटचा बघा. ती पट्टी आता माझ्या स्वतःच्या पट्टीपेक्षा गडद आहे. आणि फेब्रुवारीपासून हजेरीचं यंत्र माझा अंगठा घेत नाही. ऑफिसवाले म्हणतात खूण पडली म्हणून. कलाबाईचं संमतीपत्र त्याच फाइलमध्ये आहे, तिच्या अंगठ्यासह. मी जुळवून पाहिलेलं नाही. धीर झाला नाही.

गेल्या शनिवारी नेहमीसारखा टोल्यावर गेलो होतो. दिव्या आता आठ वर्षांची आहे, अंगणात उड्या मारत होती. पाणी प्यायला आत गेलो आणि सवयीने कोपऱ्याकडे पाहिलं. गाडगी सात होती, कलाबाईचं आठवं. तिथे नऊ होती. नववं कोरं, झाकणी लावलेलं.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

दसरूने पाण्याचा तांब्या पुढे केला. दिव्या पाठीमागून आली आणि तिने सांगितलं, "तुमचं."

"कोण म्हणते?"

"आजी. आजी म्हणते, बाबूनं खरंच वापस आनलं."

म्हणून राजीनामा दिला. प्रबंध गेला, जाऊ दे. आईला सांगितलं, तिकडे शाळेत नोकरी लागली. काल निघताना तिने माझा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. म्हणाली, "हात कसा म्हातारा लागून राह्यला रे तुझा." मला भीती वाटत नाही असं नाही. रात्री झोप लागत नाही इतकी वाटते. पण ती पोरगी उड्या मारते, आणि मी शब्द दिला होता. तो मोडल्यानेच हे सगळं झालं.

आता शेवटचं. काल सर म्हणाले, प्रफुल, जाण्याआधी तुझ्या रक्ताची एक नळी देऊन जा. एका माणसात दोन माणसांची जनुकं, जगात कोणाकडे नसेल असं काही. मी नाही म्हणालो. कारण तुमच्या लक्षात आलं असेल. माझं काही इथे जितं राहिलं, तर मी तिकडे अर्धवटच पोचेन. मी अर्धवट, म्हणजे तीही अर्धवट. मग त्या पोरीला कोण धरणार? म्हणून तुम्हालाही विनंती आहे, माझं काहीही इथे सापडलं तर ते वाढवू नका. वापस आणून द्या. दसरूचा नंबर रजिस्टरच्या पहिल्या पानावर आहे.

काय म्हणालात? हो हो, नक्की?

मीही असंच म्हणालो होतो. अगदी असंच, दुसरीकडे बघत.

आज सकाळी मी शेवटच्या तपासणीसाठी रक्त काढलं. दोन नळ्या. त्या रॅकमध्ये ठेवल्या होत्या आणि एक वाजता कॅन्टीनला चहाला गेलो. आलो तेव्हा तुम्ही इथे होतात, सर नुकतेच बाहेर पडले होते. रॅकमध्ये एकच नळी उरली होती. ती मी खिशात घातली.

मी कोणावर आळ घेत नाही. मीसुद्धा चांगलाच माणूस होतो. फक्त मागे वळून इन्क्युबेटरच्या काचेकडे बघा. खालच्या कप्प्याच्या उंचीवर. आज सकाळी मी ती पुसली होती.

बस साडेचारची आहे. चार वाजेपर्यंत मी बाहेर बसतो, जिना सुरू होतो तिथे, भिंतीला टेकून. दसरू बसला होता ना, त्याच जागी.